आधी सूर्य झाकावा लागतो

१८ ऑगस्ट १८६८, मंगळवार, श्रावण अमावास्या. आषाढ सरला तरी जमखंडीवरचे ढग हटलेले नव्हते. दक्षिणेतल्या पटवर्धनी संस्थानांपैकी हे एक. आज ते कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यात मोडते, तेव्हा मुंबई इलाख्याच्या हिशेबात होते. त्या सकाळी सूर्याला खग्रास ग्रहण लागणार होते, आणि लेफ्टनंट जॉन हर्शेल नावाचा तिशीतला इंग्रज अधिकारी पाच इंची दुर्बिणीला वर्णपटदर्शक जोडून आभाळाकडे डोळे लावून होता. आजोबांनी युरेनस शोधलेला, वडिलांनी दक्षिण गोलार्धातले सगळे आभाळ तपासलेले. नातू मात्र पोटापाण्याला हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात जमीन मोजत होता. लंडनच्या रॉयल सोसायटीने ग्रहणासाठी उपकरणे पाठवली आणि घराण्याचे नाव पुन्हा आकाशाशी जोडले गेले.

प्रश्न साधा होता. खग्रास ग्रहणात चंद्राच्या काळ्या तबकडीच्या कडेला लालभडक ज्वाला दिसतात. त्या सूर्याच्या की चंद्राच्या, यावर तोवर बराच वाद होऊन गेला होता. सूर्याच्याच, हे १८६० च्या ग्रहणातल्या छायाचित्रांनी ठरवले. पण त्या कशाच्या बनलेल्या आहेत? किर्खहॉफ आणि बुन्सेन यांनी १८५९-६० मध्ये दाखवून दिले होते की तापलेला विरळ वायू ठरावीक रंगांच्या तेजस्वी रेषा देतो आणि प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा वेगळ्या असतात. म्हणजे ज्वालांचा प्रकाश लोलकातून पाहिला आणि सुट्या रेषा दिसल्या, तर तो वायू; सलग पट्टा दिसला, तर दुसरे काहीतरी. अडचण एवढीच, की सूर्य उघडा असताना त्याच्या झगझगाटात ज्वाला दिसतच नाहीत. चंद्राने सूर्य झाकल्यावर जी पाचेक मिनिटे मिळतात, तेवढाच काय तो अवकाश.

त्या पाचेक मिनिटांतलीही बरीच ढगांनी खाल्ली. मध्येच एक फट पडली. हर्शेलने यंत्राची चीर एका ज्वालेवर आणली आणि त्याला तीन रेषा दिसल्या: लाल, नारिंगी आणि निळी. लाल आणि निळी हायड्रोजनच्या. नारिंगी रेषेची जागा त्याने घाईघाईने मोजली. ती सोडियमच्या 'डी' रेषेशी जुळते, निदान त्याच्या यंत्राला त्यांच्यातला फरक दिसत नाही, अशी नोंद त्याने केली. सोडियमच्या दोन रेषा ५८९ आणि ५८९.६ नॅनोमीटरला असतात. हर्शेलने पाहिलेली रेषा प्रत्यक्षात ५८७.६ नॅनोमीटरची होती. दीड नॅनोमीटरचा हा फरक म्हणजेच हेलियम. तो जमखंडीच्या ढगांत, एका प्रामाणिक माणसाच्या डोळ्यांसमोरून निसटला.

शेजारी विजापुरात कॅप्टन हेग हातात धरायच्या वर्णपटदर्शकाने तेच पाहत होते. गुंटूरला मेजर टेनंट होते, आणि तिथेच फ्रान्सहून आलेले ज्यूल जान्सन. मच्छलीपट्टणला मद्रास वेधशाळेचे पॉगसन. त्याच वेधशाळेचे सहायक चिंतामणी रघुनाथाचारी वनपर्तीला तळ देऊन बसले होते, हेही सांगायला हवे. ग्रहणांच्या इतिहासात आपल्या लोकांची नावे बहुधा 'स्थानिक सहायक' या दोन शब्दांखाली गाडली जातात. ज्यांनी ज्वालांचा वर्णपट पाहिला, त्यांना रेषा दिसल्या. ज्वाला वायूच्या आहेत, हे त्या एका सकाळी ठरून गेले.

जान्सनला त्या रेषा इतक्या ठळक दिसल्या की ग्रहण सुटल्यावरही त्या दिसतील असे त्याला वाटले. दुसऱ्या दिवशी, १९ ऑगस्टला, भर सूर्यप्रकाशात त्याने त्या शोधल्या आणि त्या सापडल्या. युक्ती अशी, की सलग प्रकाश लोलकात पसरत गेला की फिका होत जातो, सुटी रेषा मात्र आपले तेज राखून असते. इंग्लंडमध्ये नॉर्मन लॉकयर यांनाही हेच सुचले होते, पण त्यांचे यंत्र उशिरा हाती आले. २० ऑक्टोबरला त्यांनी घरबसल्या त्याच रेषा पाहिल्या. दोघांच्या शोधाची पत्रे पॅरिसच्या अकादमीत २६ ऑक्टोबर १८६८ ला एकाच बैठकीत वाचली गेली, आणि पुढे फ्रेंच सरकारने दोघांच्या मुखाकृती असलेले पदक पाडले. ती पिवळी-नारिंगी रेषा सोडियमची नाही, पृथ्वीवर ठाऊक असलेल्या कुठल्याच द्रव्याची नाही, हे लॉकयर यांनी त्यानंतर ठामपणे मांडले. नाव पडले हेलियम. बऱ्याच रसायनशास्त्रज्ञांनी त्यावर नाके मुरडली. १८९५ मध्ये विल्यम रॅमसे यांनी एका युरेनियमयुक्त खनिजातून तो वायू प्रयोगशाळेत काढून दाखवला, तेव्हा कुठे वाद मिटला.

इथे विजयदुर्गाचा विषय काढणे भाग आहे. हेलियमचा शोध लॉकयर यांनी १८६८ मध्ये विजयदुर्ग किल्ल्यावरून लावला, ही गोष्ट कोकणात घरोघर सांगितली जाते. किल्ल्यावरचे 'साहेबाचे ओटे' पाहुण्यांना आवर्जून दाखवतात, १८ ऑगस्टला हेलियम दिन होतो. ओटे खरे, साहेबही खरा, साल मात्र चुकीचे. १८६८ च्या ऑगस्टमध्ये लॉकयर इंग्लंडमध्ये होते. ते विजयदुर्गला आले ३० वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. तोवर ते 'सर' झाले होते, 'नेचर' साप्ताहिकाचे संस्थापक-संपादक म्हणून जगभर त्यांचे नाव होते आणि वय होते ६१. 'मेल्पोमिनी' नावाची आरमारी बोट त्यांच्या दिमतीला होती आणि तिच्यावरच्या खलाशांना हाताशी धरून त्यांनी किल्ल्यावर दुर्बिणी मांडल्या. ही हकीकत काय कमी रंगतदार आहे? तिच्यावर हेलियमचा मुकुट चढवायची गरज नव्हती.

१८९८ चे ते ग्रहण खऱ्या अर्थाने महाराष्ट्राचे. पौषी अमावास्या, शनिवार, भर दुपार, कोरडे निरभ्र आकाश. खग्रास स्थिती जेमतेम दोन मिनिटांची, पण तिचा पट्टा विजयदुर्गापासून थेट वऱ्हाड ओलांडून पुढे गेला. मुंबई इलाख्यात प्लेग ठाण मांडून बसला होता. पुण्याचे प्लेग अधिकारी रँड यांच्या खुनाला वर्षही झालेले नव्हते. अशा दिवसांत जगभरचे ज्योतिषी जहाजातून लाकडी खोकी उतरवत होते. पुलगावला न्यूऑल आणि कॅप्टन हिल्स. वऱ्हाडातल्या तळणीला ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनचा चमू. त्यात जॉन एव्हरशेड होते आणि ॲनी माँडर या बाईही. माँडरबाईंनी तिथे काढलेल्या छायाचित्रात सूर्याच्या किरीटाचे एक टोक इतके दूरवर गेलेले उमटले की तोवर कुणालाही तेवढे पकडता आले नव्हते. आणि सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला तर जत्राच भरली होती. कॅलिफोर्नियाच्या लिक वेधशाळेचे कॅम्बेल ४० फुटी कॅमेरा उभारून होते, जपानहून एक तुकडी आली होती, आणि त्यांच्याच शेजारी पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला आपली यंत्रे लावून उभे होते.

नायगमवाला हे नाव मराठी वाचकाला ओळखीचे नसते, आणि हा आपला करंटेपणा आहे. हिंदुस्थानातले पहिले भारतीय खगोलभौतिकशास्त्रज्ञ म्हणावेत असे हे गृहस्थ. जन्म १८५७ चा, शिक्षण मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात. तिथेच शिकवू लागल्यावर त्यांना एक वर्णपट-प्रयोगशाळा काढायची होती. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी पाच हजार रुपये दिले, सरकारने तेवढेच घातले. खरेदीसाठी नायगमवाला इंग्लंडला गेले, तिथे लॉकयर वगैरे मंडळी भेटली आणि प्रयोगशाळेची वेधशाळा झाली. मुंबईची हवा दमट, म्हणून ती पुण्याला कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या सीओईपीत, हलवली. १८८८ मध्ये ती उभी राहिली. डब्लिनच्या ग्रब कंपनीची २० इंची परावर्तक दुर्बीण तिथे बसवली होती, आणि पुढे कित्येक दशके तिच्याएवढी मोठी दुर्बीण हिंदुस्थानात दुसरी नव्हती. त्याच काळात शंकर बाळकृष्ण दीक्षित भारतीय ज्योतिषाचा इतिहास लिहीत होते. तो ग्रंथ १८९६ मध्ये निघाला. एकाच काळात एक माणूस दोन हजार वर्षांची गणिते चाळत होता आणि दुसरा ताऱ्यांचा प्रकाश लोलकात घालत होता. दोघांची गाठभेट झाली असेल तर काय बोलले असतील, याचे मला फार कुतूहल आहे.

नायगमवालांची खरी कसोटी मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाने घेतली. त्या मेघाच्या वर्णपटात एक ठळक हिरवी रेषा दिसते. लॉकयर यांचा सिद्धांत असा, की ती तापलेल्या मॅग्नेशियमच्या पट्ट्याची कड आहे. तसे असेल तर रेषेची एक बाजू पुसट, झालरीसारखी पसरलेली दिसायला हवी. नायगमवालांनी पुण्याच्या दुर्बिणीवर भरपूर विस्तार देणारे यंत्र लावून ती पाहिली आणि १८९१ मध्ये लंडनला लिहून कळवले: रेषा दोन्ही बाजूंनी स्वच्छ आणि तीक्ष्ण आहे, झालर नाही. ज्यांच्या सल्ल्याने वेधशाळा झाली, त्यांच्याच मताविरुद्ध गेलेला हा निष्कर्ष. वसाहतीतल्या एका देशी प्राध्यापकाने ते जसे दिसले तसे छापायला दिले, याला हिंमत लागते. ती रेषा दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची आहे, हे १९२७ मध्ये अमेरिकेत बोवेन यांनी सिद्ध केले. नायगमवालांचे निरीक्षण बरोबर होते.

जेऊरच्या त्या दोन मिनिटांचा अहवाल त्यांनी १९०२ मध्ये प्रसिद्ध केला. ग्रहणात एक क्षण असा येतो, की चंद्र सूर्याची तबकडी पुरती झाकतो पण तिच्यालगतचे पातळ वातावरण अजून झाकायचे असते. त्या दोन-चार सेकंदांत वर्णपटातल्या नेहमीच्या काळ्या रेषा एकदम तेजाळतात. याला चमक-वर्णपट म्हणतात. सूर्याच्या वातावरणात कोणते द्रव्य किती उंचीवर आहे, हे तो थरांनिशी सांगतो. भारतात त्या दिवशी ठिकठिकाणच्या कॅमेऱ्यांनी तो पकडला; तळणीला एव्हरशेड यांच्या काचांवर तो फार सुंदर उमटला. लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट ही, की कडेचा प्रकाश अलग काढला तर त्यात वातावरण वाचता येते. पुढच्या शंभर वर्षांचा सगळा धंदा या एका गोष्टीवर चालला.

पुण्यात मात्र तो चालला नाही. १९१२ मध्ये नायगमवाला निवृत्त झाले आणि सरकारने वेधशाळेला कुलूप लावले. दुर्बीण उतरवून कोडाईकनालला पाठवली. तिथे ती कित्येक वर्षे नुसती पडून होती, आणि स्वातंत्र्यानंतर 'भावनगर दुर्बीण' या नावाने कामाला लागली. वेधशाळा एका माणसाची होती, त्याच्या मागे ती चालवील असा शिष्य तयार झाला नाही, आणि कॉलेजलाही इमारतीपलीकडे तिच्यात रस नव्हता. संस्था कशी मरते याचा हा वस्तुपाठ आहे. पुण्याला पुन्हा खगोलशास्त्राची मोठी संस्था मिळाली ती १९८८ मध्ये, जयंत नारळीकरांनी आयुका उभारली तेव्हा. नायगमवालांची वेधशाळा उभी राहिल्यापासून बरोबर शंभर वर्षांनी.

आता जगाकडे वळू. ग्रहणाची वाट पाहायची, जहाजे भरून न्यायची आणि दोन मिनिटांत ढग आले तर हात हलवत परतायचे, हा जुगार १९३० च्या सुमारास बर्नार्ड लिओ या फ्रेंच माणसाने मोडला. त्याने दुर्बिणीच्या आतच एक छोटी तबकडी बसवली. सूर्याची प्रतिमा तिच्यामागे दडते आणि कडेने विखुरणारा प्रकाश दुसऱ्या एका झडपेने अडवला जातो. हा करोनाग्राफ, घरचे ग्रहण. आणि मग कुणाच्या तरी डोक्यात आले, की सूर्य झाकता येतो तर तारा का नाही? १९८४ मध्ये ब्रॅड स्मिथ आणि रिचर्ड टेरिल यांनी चिलीत बीटा पिक्टोरिस हा तारा असा झाकला, तेव्हा त्याच्या भोवती धुळीची आडवी चकती दिसली. ग्रह जिथे घडतात ती जागा माणसाने पहिल्यांदा पाहिली ती अशी.

पुढचा माणूस कुरुंदवाडचा. श्रीनिवास कुलकर्णी यांचा जन्म तिथला, १९५६ चा, वाढले हुबळीत. सुधा मूर्तींचे धाकटे बंधू अशी त्यांची ओळख करून दिली जाते; खगोलशास्त्रात ती उलटी करून देतात. कुरुंदवाड हेही पटवर्धनांचेच संस्थान, कृष्णाकाठचे. जमखंडी तिथून सरळ रेषेत पाऊणशे किलोमीटर. योगायोगाला अर्थ चिकटवू नये हे मला कळते, पण नकाशावर ही दोन ठिकाणे पाहिली की बोट थबकते खरे.

कुलकर्णी बर्कलेला डॉक्टरेट करत असतानाच, १९८२ मध्ये, डॉन बॅकर यांच्या बरोबर सेकंदाला सहाशेहून जास्त गिरक्या घेणारा स्पंदक शोधून चुकले होते. १९९४ च्या ऑक्टोबरमध्ये कॅलटेकमधले त्यांचे सहकारी नाकाजिमा आणि विद्यार्थी ऑपनहायमर यांच्यासह पालोमारच्या ६० इंची दुर्बिणीवर करोनाग्राफ लावून ते जवळचे तारे एकेक करून झाकत होते. मृगाच्या पायाखाली ससा नावाचे छोटे तारकामंडळ आहे. त्यात १९ प्रकाशवर्षांवर ग्लीझ २२९ हा लहानसा लाल तारा. तो झाकला तेव्हा शेजारी एक अंधूक ठिपका दिसला. ठिपका मागच्या कुठल्या ताऱ्याचाही असू शकतो, म्हणून एक वर्ष थांबले. आभाळात ग्लीझ २२९ सरकतो. ठिपका त्याच्या बरोबर सरकला तर तो त्याचा जोडीदार. वर्षाने पाहिले, ठिपका बरोबर सरकला होता.

मग पालोमारच्या २०० इंची हेल दुर्बिणीवर त्याचा अवरक्त वर्णपट घेतला आणि त्यात मिथेनचे खोल खड्डे निघाले. ताऱ्याच्या वातावरणात मिथेन टिकत नाही, त्या उष्णतेत तो मोडून पडतो. मिथेन दिसतो गुरूच्या वातावरणात, शनीच्या वातावरणात. म्हणजे हा ठिपका तारा नाही. तापमान हजार केल्विनच्या खाली, वस्तुमान ग्रहापेक्षा खूप जास्त पण पेट घ्यायला अपुरे. असे 'तपकिरी बटू' असावेत असे कागदावर तीस वर्षे म्हटले जात होते. ग्लीझ २२९बी हा निर्विवाद असा पहिला. ऑक्टोबर १९९५ मध्ये इटलीत फ्लॉरेन्सला 'थंड तारे' या विषयावर परिषद भरली होती, तिथे तो जाहीर झाला. त्याच परिषदेत जिनिव्हाचे मेयर आणि केलोझ यांनी ५१ पेगासी या सूर्यासारख्या ताऱ्याभोवती ग्रह सापडल्याचे सांगितले. मेयर-केलोझ यांना २०१९ मध्ये नोबेल मिळाले आणि जगाने ती परिषद त्यांच्या नावावर लिहिली. माझे मत विचाराल तर ग्रहाचे अस्तित्व ताऱ्याच्या डोलण्यावरून ओळखणे एक आणि सूर्यमालेबाहेरच्या थंड गोळ्याची हवा वर्णपटात वाचणे दुसरे. आजच्या संशोधनाची वाट या दुसऱ्यातून निघाली. या गोष्टीला २०२४ मध्ये एक शेपूट फुटले. ग्लीझ २२९बी एकटा नसून दोघे आहेत, बारा दिवसांत एकमेकांभोवती फिरणारे, असे निष्पन्न झाले. एवढ्या वस्तुमानाचा गोळा इतका मंद का, हे कोडे बरीच वर्षे सतावत होते, ते त्याने सुटले.

ग्रहांकडे येऊ. आपल्या गुरूपेक्षा सूर्य सुमारे शंभर कोटी पट तेजस्वी. एवढा फरक कुठलीही तबकडी झाकू शकत नाही. पण ग्रह नुकताच जन्मलेला असेल तर? घडताना आत कोंडलेली उष्णता त्याच्यात अजून असते. चुलीवरून नुकत्याच उतरवलेल्या तव्यासारखा तो स्वतःच धग फेकतो. अवरक्त प्रकाशात मग हा फरक दहा हजार ते लाख पटींवर येतो, आणि ते जमण्यासारखे आहे. म्हणून ज्यांची हवा थेट त्यांच्याच प्रकाशात वाचता आली, ते जवळजवळ सगळे ग्रह कोवळे निघाले. एचआर ८७९९ या ताऱ्याचे वय तीन-चार कोटी वर्षे. आपल्या सूर्याची ४६० कोटी धरली, तर हे तान्हे मूलच. २००८ मध्ये क्रिस्तियां मारोआ आणि सहकाऱ्यांनी त्याच्याभोवतीच्या तीन ग्रहांची छायाचित्रे दाखवली, २०१० मध्ये चौथा सापडला. २०१३ मध्ये क्विन कोनोपॅकी यांनी त्यातल्या एकाच्या हवेत पाण्याची वाफ आणि कार्बन मोनॉक्साइड ओळखले. २०२५ मध्ये जेम्स वेब दुर्बिणीवरच्या करोनाग्राफने कार्बन डायऑक्साइड दाखवला. त्यावरून दिसते की या ग्रहांत हायड्रोजन-हेलियमपेक्षा जड मूलद्रव्ये भरपूर आहेत, आणि म्हणून ते गुरूसारखेच आधी खडक-बर्फाचा गाभा धरून मग वायू ओढत वाढले असावेत. ग्रह कसा जन्मला, हे त्याची हवा सांगते. म्हातारा झाला की तो ते विसरतो. कोवळा असेपर्यंतच विचारून घ्यावे लागते.

दुसरी रीत जेऊरच्या जवळची. ग्रह ताऱ्यासमोरून सरकतो तेव्हा ताऱ्याचा थोडासा प्रकाश ग्रहाच्या कडेच्या हवेतून गाळून येतो. त्या गाळलेल्या प्रकाशात हवेतल्या द्रव्यांच्या खुणा उमटतात. कृत्तिका आणि रोहिणी यांच्या दरम्यान व्ही १२९८ टॉरी हा अवघ्या सव्वादोन कोटी वर्षांचा तारा आहे. त्याच्यासमोरून चार ग्रह जाताना सापडले. त्यातल्या एकाची हवा हबल दुर्बिणीने पाहिली तेव्हा कळले, की आकाराने तो गुरूच्या जवळपास असला तरी वजनाने अगदी हलका आहे. हवा फुगून दूरवर पसरलेली. वृश्चिक-नरतुरंग या तरुण ताऱ्यांच्या समूहातल्या एचआयपी ६७५२२ बी या ग्रहाचेही तेच निघाले. गुरूएवढा देह आणि आत पोकळ. वाढता वाढता हे ग्रह हवा गमावत आक्रसतील आणि आपल्या आकाशगंगेत जे सर्वांत जास्त आढळतात त्या नेपच्यूनपेक्षा लहान ग्रहांसारखे होतील, असा आजचा अंदाज आहे. पण तरुण ताऱ्यांशी व्यवहार सोपा नसतो. त्यांच्या अंगावर मोठमोठे डाग असतात, मधूनच ज्वाला भडकतात. डागाच्या थंड भागातही पाण्याची वाफ असू शकते, आणि मग वर्णपटात दिसलेली वाफ ग्रहाची की ताऱ्याच्या डागाची, हे ठरवताना भल्याभल्यांची झोप उडते. जमखंडीला हर्शेलपुढे हाच पेच होता. दोन रेषा शेजारी असल्या की कुठली कुणाची?

आणि इथे हेलियम परत येतो. हवा निसटते आहे हे कसे ओळखायचे? हायड्रोजन सापडणे कठीण, त्याची मुख्य रेषा अतिनील, तिच्यासाठी अवकाशात जावे लागते. हेलियमची एक रेषा मात्र १०८३ नॅनोमीटरला, अवरक्तात आहे, जमिनीवरूनही दिसते. २०१८ मध्ये, १८६८ च्या ग्रहणाला दीडशे वर्षे झाली त्याच वर्षी, जेसिका स्पेक आणि सहकाऱ्यांनी डब्ल्यूएएसपी-१०७ बी या ग्रहाभोवती निसटता हेलियम प्रथम दाखवला. आता ती रेषा म्हणजे तरुण ग्रहांच्या अभ्यासातले रोजचे हत्यार आहे. २०२२ मध्ये टीओआय ५६० या अर्धा अब्ज वर्षे वयाच्या ताऱ्याच्या लहान ग्रहावरून हवा उडून जाताना पाहिली ती याच रेषेत.

ही रेषा पकडायला अवरक्त वर्णपटमापक लागतात, आणि तशी यंत्रे आपल्याकडेही आहेत. मी कांदिवलीचा. इथून चर्चगेटची लोकल पकडून पुढे कुलाब्याला गेले की टाटा मूलभूत संशोधन संस्था लागते. तिथल्या गटाचा टीआयआरस्पेक लडाखमध्ये हानलेच्या दुर्बिणीवर आहे आणि टॅनस्पेक नैनितालजवळ देवस्थळच्या ३.६ मीटर दुर्बिणीवर. दोन्ही अवरक्त वर्णपट घेतात आणि दोन्हींच्या कामात तरुण ताऱ्यांचा मोठा वाटा आहे. नोव्हेंबरच्या संध्याकाळी चारकोपच्या गच्चीवरून पाहाल तर पूर्वा भाद्रपदाच्या दोन तारका जवळपास डोक्यावर असतात. त्यांना जोडणाऱ्या रेषेच्या पश्चिमेला किंचित सरकून ५१ पेगासी आहे आणि पूर्वेला, त्याहून जवळ, एचआर ८७९९. एक म्हातारा, एक तान्हा. गडद अंधाऱ्या आभाळात साध्या डोळ्यांना दोन्ही जेमतेम दिसतात, कांदिवलीच्या दिव्यांत मात्र मुळीच नाहीत. पण कुठे पाहायचे ते कळले की नक्षत्र वेगळे वाटू लागते.

विजयदुर्गच्या मंडळींना आणि शाळांतल्या विज्ञान शिक्षकांना एक विनंती. हेलियम दिन जरूर करा, पण मुलांना १८ ऑगस्ट १८६८ सांगताना जमखंडी आणि गुंटूर सांगा. विजयदुर्गाचा स्वतःचा दिवस २२ जानेवारी आहे, साल १८९८. त्या दिवशी साहेबाच्या ओट्यांवर मुलांना न्या आणि जेऊरच्या नायगमवालांचे नावही त्यांना ऐकवा. सीओईपीच्या आवारात त्यांच्या वेधशाळेचा एक फलक लागला, तर तेही बरे होईल.